माफीचा प्रसंग

संवादांचे कागद हातात पडताच एर्लिंदाने ते दोनदा वाचले. मनिलाच्या एका टीव्ही मालिकेत ती सहा वर्षं खलनायिका होती. बाजारातल्या कोळणी तिला मासे विकताना खरोखरच्या शिव्या घालायच्या. आजचे संवाद नेहमीसारखे सकाळीच, गरमागरम छापून आले होते, आणि त्यात ती नायिकेचे पाय धरून रडत होती.

"जोमार, मारतोयस ना रे मला?" तिने लेखकाला विचारलं.

"छे हो ताई! नुसती माफी तर मागायचीय."

"मला नको शिकवूस. दुष्ट बाई सोमवारी माफी मागते आणि शुक्रवारी शवपेटीत असते. चौदा वेळा मेलेय मी अशी."

जोमारने मान खाली घातली. "गोळी की आजार, एवढंच ठरायचंय."

दुपारी चेहरा रंगवून घेत असताना तिचा फोन वाजला. सेबूहून धाकटी बहीण नेनिता बोलत होती. आईच्या शवपेटीसमोर ती एर्लिंदाच्या थोबाडीत मारून गेली होती, त्यानंतर अकरा वर्षं एक शब्द नाही.

"ताई, चुकलं माझं. सगळंच चुकलं गं. मला माफ करशील?"

याच फोनची एर्लिंदाने अकरा वर्षं वाट पाहिली होती. काय काय सुनावायचं तेही पाठ होतं. पण तिने भलतंच विचारलं.

"नेनी, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"



"तुला कुणी सांगितलं, ताई?"