पाठीवरचं वजन

राष्ट्रीय उद्यानातल्या चार दिवसांच्या ट्रेकची तयारी चालली होती. सॅकचं वजन बघायला मी ती पाठीला लावून काट्यावर उभा राहिलो. सत्तर किलोचा मी, बारा किलोची सॅक. आकडा आला एकशे चौतीस.

"काटा बिघडला वाटतं," म्हणत बायको चढली. तिचं बरोबर आलं.

गेल्या वर्षी त्याच डोंगरात धाकट्या भावाचा पाय मोडला होता. "दादा, पाठीवर घे ना," तो म्हणाला. मी त्याला तिथेच सोडून आलो. घरी सांगितलं, त्यानं माझं ऐकलं नाही, एकटाच पुढे गेला. आई अजूनही माझीच समजूत घालते.

तो बावन्न किलोचा होता.

मी सॅक उतरवून पुन्हा चढलो. एकशे बावीस.

"सॅक तर खाली आहे," बायको म्हणाली, "मग असा वाकून का उभा आहेस?"