उतरायची परवानगी

माझे सासरे लढाऊ विमान चालवायचे. निवृत्त झाले, पण सवय सुटली नाही. बाहेरून आले की दारात थांबून विचारतात, "उतरू का?" आतून सासूबाई म्हणतात, "उतरा." मगच चपला काढतात.

आज सासूबाईंनी उत्तरच दिलं नाही. सासरे भाजीच्या पिशवीसकट मागे वळले आणि इमारतीला फेऱ्या मारू लागले.

"बाबा, दार उघडंच आहे, या की!" मी गॅलरीतून ओरडले.

"दार उघडं असून काय उपयोग? परवानगी नाही!"

कोपऱ्यावर वळताना त्यांनी एक खांदा झुकवला. पुढच्या फेरीला "इंधन संपत आलंय!" असं कळवलं. तळमजल्यावरच्या काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी न थांबता चालता चालताच घेतली.

मी आत गेले. "आई, रुसवा पुरे आता. द्या ना परवानगी."

"रुसलंय कोण?" गॅलरीकडे खुर्ची ओढत सासूबाई म्हणाल्या. "उभा जन्म हे वर घिरट्या घालायचे आणि मी खाली जीव मुठीत धरून बसायचे. कधी दिसले म्हणून नाहीत. आज दिसतायत, तर मारू देत अजून एक फेरी."