कंपनीचं माप

"सोळा इंची रिमचं, कंपनीनं दिलं होतं तेच माप हवं," ठेकेदार म्हणाला. "आणि टायर नवे कोरे नकोत. वापरातले वाटले पाहिजेत."

टायरच्या दुकानात असं मागणारं गिऱ्हाईक विरळाच. मालकाची भुवईसुद्धा हलली नाही. "मिळतील की! भावोजी, मागच्या ढिगाकडे चला."

भावोजी म्हणजे दुकानातला मिस्त्री, मालकाच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कारखाना बंद पडल्यापासून नऊ वर्षं तो इथंच चाकं काढत-बसवत होता, आणि या नऊ वर्षांत मेहुण्याच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

पिकअप दारात उभी होती, वीसच्या रिमवर, छाती काढून. सहा महिन्यांपूर्वी मिस्त्रीनंच ती चाकं चढवली होती. "एवढं मोठं चाक लावलं की गाडी लवकर थांबत नाही, आणि काटा वेग कमी दाखवतो," असं तो तेव्हा म्हणाला होता. एकदाच. ठेकेदार हसला होता, मालकानं डोळे वटारले होते, आणि चाक वळावं म्हणून मिस्त्रीनं कटर घेऊन मडगार्डची कड कापून दिली होती.

परवा सकाळी त्याच गाडीखाली टपाल वाटणारी बाई आली, सायकलसकट. ठेकेदारानं हे स्वतःच सांगितलं, वीज गेल्याचं सांगावं तसं. उद्या पोलिसांचा माणूस गाडी तपासायला येणार होता.

"बाई कशी आहे?" मिस्त्रीनं विचारलं.

"पाय काढावा लागला, गुडघ्याखाली. जीव वाचला ना, झालं तर मग." ठेकेदारानं गाडीची किल्ली कानात घालून फिरवली, टोकाला काय आलं ते निरखलं आणि काउंटरच्या कडेला पुसलं. "सतरा नाही का चालणार? सोळा फारच मरतुकडं दिसतं हो."

"कागदावर सोळा आहे," मालक म्हणाला. "उगाच फाटे कशाला फोडायचे?"

दोघं ढिगावर वाकले. हा एका बाजूनं झिजलाय, त्याची नक्षी वेगळी, हा गाडीच्या वयाला शोभेल. मुलीसाठी स्थळं पाहावीत तशी चर्चा रंगली होती. चार पसंत पडले, रिमांसकट. मग मालकानं जमिनीवरची धूळ मुठीत घेऊन ती टायरांवर चोळली. एरवी हा माणूस साध्या नटालाही हात लावत नसे.

मिस्त्रीनं जॅक लावला. एक चाक उतरवलं, त्या जागी सोळाचं बसवलं. दुसरं. तिसरं. मान वर न करता.

"धुऊन पुसून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा हं ही," ठेकेदार वरून म्हणाला. "महिन्याभरात प्रकरण थंड झालं की पुन्हा हीच चढवायची."

"पुन्हा हीच?"

"मग काय, जन्मभर या मरतुकड्यांवर फिरू?"

मालक खो खो हसला. हसता हसता म्हणाला, "भावोजी, त्या मडगार्डला आतून नवी पट्टी मारा. कापलेलं दिसता कामा नये."

मिस्त्रीनं उजवीकडचं पुढचं चाक उतरवलं आणि मडगार्डच्या कडेवर बोट फिरवलं. सरळ, सफाईदार काप होता. कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून त्यानं कानस मारून तो गुळगुळीतही केला होता. केवढं जपून केलं होतं काम! ठेकेदाराची शिसारी आली होती, मेहुण्याची आली होती. पण ती स्वतःच्याच बोटाच्या टोकाशी आली तेव्हा त्याला थुंकावंसं वाटलं.

उतरवलेल्या चाकाकडे तो वळला. टायरच्या खाचेत एक कागद घट्ट रुतून बसला होता. पाकिटाचा कोपरा. त्यावर निळ्या शाईत कुणाच्या तरी पत्त्याची अर्धी ओळ.

त्यानं तो काढला नाही. पाना खाली ठेवला, चाक उभं केलं आणि ढकलत दाराकडे निघाला. गाडी तीन सोळांवर आणि एका जॅकवर तिरकी उभी राहिली.

"ए, उचलून ने ना!" ठेकेदार ओरडला. "रिमला ओरखडा पडेल!"

"भावोजी, ते कुठे नेताय?" मालकानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"चौकीत," मिस्त्री म्हणाला. "उद्या मोजणारच आहेत, तर आजच मोजू देत. कापलं कुणी तेही सांगतो."

"ताईचा तरी विचार करा!"

मिस्त्री क्षणभर थांबला. मागे मात्र वळला नाही. दुकानाच्या पायरीवरून त्यानं चाक तसंच खाली सोडलं. ते दणकन आपटलं, डगमगलं. त्यानं दोन्ही हातांनी सावरलं.

चौकीचा रस्ता चढाचा होता. कमरेएवढं ते चाक सारखं मागे घसरू पाहत होतं. त्यानं खांदा लावला.