चौथ्या गाण्यातली ओळ

"दादा, शेवटचं ऐकून घे आणि हो म्हण," इशिता म्हणाली. "चारच्या आत फाइल पाठवायची आहे."

युवराज बसेना. नोएडातला तो स्टुडिओ एवढासा, तरी सकाळपासून त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. रेकॉर्डिंग बघणारी इशिता त्याच्याकडे पाहून दमली होती.

त्याचा रॅपचा एकुलता एक अल्बम, 'छावणी', दहा वर्षांनी पुन्हा निघत होता. पहिल्यांदा निघाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दिल्ली कॅन्टोनमेंटच्या फौजी क्वार्टरमध्ये, भिंतीला गाद्या लावून, मागून आणलेल्या माइकवर त्यानं तो मराठीत केला होता. दिल्लीत मराठी रॅप कोण ऐकणार, म्हणून मित्र हसले होते. आता कंपनी त्यावर 'क्लासिक' असं छापणार होती. क्लासिक का, यावर महिनाभर मुलाखती झडत होत्या. कुणी म्हणे बीट्स. कुणी म्हणे, मधलं एकही गाणं गाळावंसं वाटत नाही. एकानं तर दहा वर्षं टिकलं ते क्लासिक, असं सांगून विषयच मिटवला. युवराज सगळ्यांना मान डोलवी. डोक्यात मात्र चौथं गाणं घोळत राही.

चौथं गाणं वडिलांवर होतं.

'बाप सुटीवर आला, घर बोलायचं थांबलं,
पट्टा खुंटीवरच होता, तरी पाठीला झोंबलं.'

वडील, सुभेदार मल्हारी, म्हणजे घरचे अण्णा, रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. ते आता दिल्लीतल्या द्वारकेत युवराजच्याच घरी राहत आणि नातीला, छोटीला, शाळेच्या बसपर्यंत सोडत. घरात 'छावणी'चा विषय कधी निघाला नव्हता. अण्णांनी ते ऐकलेलंच नाही, अशी युवराजची खात्री होती. पण आता ते सगळीकडे वाजणार. सोसायटीत वाजणार. उद्या नात विचारणार. म्हणून तीन दिवसांपूर्वी त्यानं दुसरी ओळ बदलून पुन्हा म्हटली होती:

'त्याच्या डोळ्यांत सरहद्दीचं धुकं होतं ओथंबलं.'

"नवी ओळ छान आहे," इशिता म्हणाली. "पण यार, जुन्या ओळीला लोक गप्प व्हायचे. ही नुसती छान आहे."

"राहू दे. लाव."

तेवढ्यात दार उघडलं. कंपनीला बापलेकाचा फोटो हवा होता आणि अण्णांना पाचची वेळ दिली होती. फौजी माणूस, मेट्रोनं तीनलाच हजर. युवराजची पाठ आपोआप ताठ झाली. बत्तिसाव्या वर्षीसुद्धा.

"या काका, बसा. आत्ताच लावतेय," असं म्हणत इशितानं बटण दाबलंसुद्धा. तिला अडवायला युवराजनं हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. त्यांनी हात वर केला.

"थांबव, बाळ."

गाणं थांबलं.

"हे असं नाहीये," अण्णा म्हणाले. आणि हजेरी घ्यावी तशा कोरड्या आवाजात त्यांनी जुनी ओळ म्हटली. खुंटी, पट्टा, पाठ. एक शब्द चुकला नाही.

इशिता चहा सांगते म्हणून बाहेर गेली.

"तुम्ही... कधी ऐकलंत?" युवराजनं विचारलं.

"निघालं त्याच महिन्यात. राजौरीला होतो. कोल्हापूरकडच्या एका जवानानं बराकीत लावलं. गाणारा माझा मुलगा, हे त्याला कुठं ठाऊक? ती ओळ आली आणि सगळी पोरं गप्प झाली. खुंट्या सगळ्यांच्याच घरी होत्या."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? खरं होतं."

युवराज खुर्चीत बसला. दिवसात पहिल्यांदाच.

"पुढच्या सुटीत शिवांजलीनं मला युनिटनं दिलेलं घड्याळ फोडलं," अण्णा सांगू लागले. शिवांजली म्हणजे युवराजची धाकटी बहीण; तेव्हा ती नऊ वर्षांची होती. "माझा हात पट्ट्याकडे गेला. गेलाच. आणि कानात तुझी ती ओळ वाजली. हात तिथंच राहिला. तिच्या अंगाला मी कधी बोट लावलं नाही."

मुलगी म्हणून ती वाचली, असं युवराज आजवर धरून चालला होता. त्याचा त्याला रागही होता.

"अण्णा, म्हणूनच बदललं मी," तो घाईनं म्हणाला. "तुम्ही आता तसे राहिला नाहीत. आईही म्हणते, वय झालं तसे निवळलात. मग जगाला कशाला दाखवायचं? लोक तुमच्याकडे बोट दाखवतील."

"दाखवू देत."

"छोटी ऐकेल."

अण्णांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. जाड, काळवंडलेले, नखं नेटकी कापलेले हात.

"परवा तिनं दूध सांडलं," ते म्हणाले. "तू ऑफिसात होतास. माझा हात शिवशिवला, युवराज. मी बाल्कनीत गेलो, दार लावून घेतलं आणि मोबाइलवर ते गाणं लावून कानाला धरलं."

युवराजनं त्या हातांकडे पाहिलं.

"ती ओळ काढू नकोस," अण्णा म्हणाले. "मला अजून लागते."