लाल पट्टी

विजेचा पाठ संपला. मुलांच्या कपाळावरच्या पट्ट्या हिरव्या झाल्या, म्हणजे त्यांना समजलं. फक्त रेवाची लाल राहिली.

"नापास," तपासनीस मालुष्टे म्हणाले.

"साहेब, वर्गात बल्ब तिनं एकटीनंच पेटवलाय," धामणस्कर बाई म्हणाल्या.

"असल्या जुनाट परीक्षा घ्याल तर घरी बसाल, बाई."

"मग तुम्हीच पेटवून दाखवा."

मालुष्ट्यांची पट्टी हिरवीगार होती. त्यांनी दोन्ही वायरी सेलच्या एकाच टोकाला लावल्या. "बल्ब खराब आहे."

रेवानं तोच बल्ब पेटवला. "पण साहेब, वायरीच्या आत नेमकं काय होतं?"

वर्गातल्या पट्ट्या एकेक करत लाल झाल्या. मालुष्ट्यांची हिरवीच राहिली. त्या हिरव्या उजेडात त्यांनी सगळा वर्ग नापास केला.