धुतलेली बाटली

झाकणावरचा आकडा चिहायाच्या नजरेस पडला, तेव्हा बाटली घासून लख्ख झाली होती.

सत्तावीस.

जपानात कानाझावाला, तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, आकडा बाटलीवर लिहायची शिस्त. इथे माँट्रियलला झाकणावर लिहितात, आणि झाकण सुटून कपाटात कडेला पडलेलं. वर्ष संपायच्या आत कानाकोपरा घासूनपुसून काढायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. नाताळच्या सुट्टीला सगळे पांगले आणि ही बया एकटी फडकं घेऊन कपाटाला भिडली. तळाशी पिवळसर खरकटं असलेली कळकट बाटली तिला बघवली नाही. कुणी सांगितले होते नसते उद्योग?

ते खरकटं म्हणजे इथला वरिष्ठ संशोधक कोरंताँ याचे स्फटिक होते. पाच महिने बाटलीला बोटही न लावता वाढवलेले. प्लॅस्टिकच्याच गोतावळ्यातला पदार्थ, पण त्यातून वीज तारेतून धावावी तशी धावते, असं त्याने मोजून दाखवलं होतं. दोन विद्यापीठांचा तीन वर्षांचा करार त्या चिमूटभर पदार्थावर उभा होता. त्या करारातून आलेली पहिली विद्यार्थिनी चिहाया. सुट्टी संपली की सोमवारी फेरमोजणी, आणि तिचा निकाल दोन्हीकडच्या प्राध्यापकांसमोर.

"मेले मी," ती पुटपुटली. "मला तर हाकलतीलच, आणि माझ्यामागून कानाझावाहून येणाऱ्या दोन पोरींचंही दार बंद."

कोरंताँला सांगावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा ठेवून दिला. मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. नवख्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी ठेवलेला साधा पिवळा रंग विरघळवून सत्तावीस नंबरच्या बाटलीत ओतला आणि बाटली होती तिथे ठेवली. दहा दिवसांत तळाशी पिवळे स्फटिक धरले. दिसायला हुबेहूब. पण त्यातून वीज औषधालाही जात नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं.

यंत्र शून्य दाखवणार, हे तिला माहीत होतं. स्फटिक जुने होऊन बिघडले म्हणतील, एवढाच काय तो आधार. त्या दहा दिवसांत तिला धड घास गिळवला नाही.

सोमवारी कोरंताँ शीळ घालत आला.

"काय गं, सुट्टीत जेवलीस की नाही? आजारातून उठल्यासारखी दिसतेस."

"थंडी बाधली जरा."

"ही कसली थंडी! फेब्रुवारी येऊ दे, मग रडशील." त्याने कपाट उघडलं. "माझ्या बाटलीला कुणी हात नाही ना लावला?"

"नाही," ती म्हणाली. आवाज स्वतःचाच वाटेना.

"शहाणी पोर." बाटली उचलून तो मोजणीच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. तिथे तो कुणालाच येऊ देत नसे. माणसाच्या श्वासाची वाफसुद्धा स्फटिकांना चालत नाही, म्हणायचा.

पाच वाजता विभागप्रमुख देरोशे मॅडम येऊन बसल्या. पडद्यावर कुरिमोतो सर आले, तिचे कानाझावाचे गुरू; तिकडे मंगळवारची सकाळ. सरांनी नेहमीसारखी मान लववली आणि चिहायाला रडूच फुटायला आलं. ज्या माणसाने स्वतःच्या शब्दावर आपल्याला इथे पाठवलं, त्याच्या तोंडाला आपण काळं फासणार. नाही, हे आता आपल्याला झेपणार नाही. होऊ दे काय व्हायचं ते.

ती उभी राहिली. "मॅडम, मला काहीतरी सांगायचंय. त्या बाटलीबद्दल."

"अगं, थांब जरा," मॅडम म्हणाल्या. "त्याचा निकाल येऊ दे, मग तुझं ऐकते."

दार उघडलं. कोरंताँ आला, पण त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिहायाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याने संगणक जोडला आणि पडद्यावर आलेख उमटला. रेघ वर चढत गेली, चढतच गेली.

"वा!" देरोशे मॅडमनी टाळी वाजवली. पडद्यावर कुरिमोतो सर उठून उभे राहिले.

"मागच्यापेक्षाही सरस, सर," कोरंताँ म्हणाला. "चूक नको म्हणून तीनदा मोजलं. सत्तावीस नंबरच्याच बाटलीतलं, माझ्या या हातांनी."