खपली पडेपर्यंत

स्वराज्य येऊन चार वर्षं झाली, तरी देवी टोचायला आलेल्या त्र्यंबकला कोपरी गावच्या पुरुषांनी एका खेपेला दगड मारून पिटाळलं आणि पुढच्या खेपेला लशीची पेटी फोडून त्याचंही डोकं फोडलं. दवंडी झाली, पोलीस येऊन गेले, पण एकही मूल कुणी पुढे केलं नाही.

मग विहिरीवर बायकांत काय कुजबुज झाली कोण जाणे. एका सकाळी विश्रामची बायको कलावती पोराला काखेत मारून आली, स्वतःचाही दंड पुढे केला. तिच्यामागे तिची जाऊ, मग शेजारीण, करता करता सगळी आळी देवळासमोर रांगेत उभी राहिली. आपली व्याख्यानं अखेर पटली म्हणून डोक्याची पट्टी सावरत त्र्यंबक खुशीत टोचत राहिला.

टोचलं की घरात देवी आली, असं तिथे मानत. खपली पडेपर्यंत घरात फोडणी नाही, दारू नाही, कुणी कुणावर हात उगारायचा नाही. त्र्यंबक या खुळाला मनातल्या मनात हसायचा.

महिन्याभराने कलावती पुन्हा आली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मागे त्याच बायका. कुणाच्या कपाळावरच्या जखमेत हळद दाबलेली, कुणाचा हात झोळीत.

"अगं, तुम्हा सगळ्यांना टोचून झालंय. आता पुन्हा कशाला?"

 

"माझी खपली काल पडली, डाक्तर. देवीला परत घरात आणा."